पोरं आपल्या भरवशावर: सीमाभागातल्या विश्वस्तांनी करायची कामं, एकेक करून

आमच्या वसतिगृहाच्या कार्यकारिणीवर मी अकरा वर्षं खजिनदार होते. किराणा बिलात चाळीस रुपयांचा फरक निघाला म्हणून एकदा सभा दीड तास चालली होती. त्याच अकरा वर्षांत मुलींच्या न्हाणीघराची कडी आतून लागते का, हा विषय एकदाही पटलावर आला नाही. कडी लागत नव्हती. मला ते कळलं सातवीतल्या एका मुलीकडून. ती अंघोळ करताना मोठ्यानं गाणी म्हणायची, म्हणून मी कौतुकानं विचारलं, तर म्हणाली, "बाई, आत कोण तरी हाय म्हणून कळायला नको होय?"

दुसऱ्या दिवशी कडी बसली. खर्च साठ रुपये. एवढं काम इतकी वर्षं अडलं होतं, कारण ते कुणाचंच नव्हतं. रेक्टरला वाटायचं कमिटी बघेल, कमिटीला वाटायचं रेक्टर बघतोय.

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आपल्या मराठी लोकांनी उभारलेली वसतिगृहं, बालगृहं, वृद्धाश्रम, मोफत शिकवण्या, वाचनालयं पुष्कळ आहेत. त्यांचे विश्वस्त बहुतेक निवृत्त शिक्षक, व्यापारी, वकील, एखादे डॉक्टर. सगळे प्रामाणिक. पैशाला हात लावत नाहीत म्हणून गावात मान. पण विश्वस्ताच्या ताब्यात इमारत आणि ठेवी असतात तशीच माणसंही असतात, आणि त्यांच्या जिवाचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. ती वही कशी सुरू करायची, ते इथे सांगते.

त्याआधी एक अवघड गोष्ट बोलून टाकते. सीमाभागात संस्था ही नुसती संस्था नसते. शाळा टिकली तर भाषा टिकेल, वसतिगृह टिकलं तर जांबोटी-कणकुंबीकडची पोरं शहरात शिकतील, अशा आशेवर ती उभी असते. म्हणून काही वावगं घडलं की पहिलं वाक्य येतं, "बाहेर बोलू नका, आधीच लोक टपून बसलेत." हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या संस्थांत ऐकलं आहे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ज्याच्या अंगावर हात पडला त्या पोरानं हे वाक्य ऐकलं की त्याचं तोंड कायमचं मिटतं. संस्थेचं नाव आणि पोर यांत निवड करायची वेळ आली तर पोर आधी, हे ज्या विश्वस्ताला मान्य नसेल त्यानं राजीनामा द्यावा. पुढचं सगळं हे मान्य असलेल्यांसाठी.

आधी यादी करा

कोरा कागद घ्या आणि आपल्या संस्थेत आपल्या आधारावर कोण कोण आहे ते लिहा. वसतिगृहातली मुलं लगेच आठवतील. नंतर जरा थांबा. उन्हाळी शिबिराला येणारी पोरं. गणपतीच्या आधी महिनाभर आवारात रात्री लेझीम खेळायला जमणारी मुलं-मुली. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत राहणारी, माहेर-सासर दोन्ही तुटलेली मदतनीस. पडवीत झोपणारा, नीट बोलू न शकणारा तरुण, ज्याला सगळे "आपला गडी" म्हणतात आणि पगार कुणीच देत नाही. हा शेवटचा माणूस बहुतेक यादीत सुटतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न. ह्याच्यासोबत एकट्यानं कोण असतं, कधी असतं? ह्याचे पैसे, कागद, औषधं कुणाच्या हातात? आणि "तुला इथून काढून टाकीन" असं ह्याला कोण म्हणू शकतं? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ज्यांची नावं येतील, त्यांच्यावर नजर ठेवायची सोय आधी करायची. त्यात अध्यक्षही आले.

कागद: कोणत्या कायद्यात आपण बसतो

कोल्हापूरकडच्या ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय माहीत असतं. आपल्याकडची संस्था बहुधा कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदलेली असते, नाहीतर उपनिबंधकाकडे नोंदवलेल्या विश्वस्तलेखावर चालते. पण ती नोंदणी म्हणजे माणसं ठेवण्याचा परवाना नव्हे. इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते.

ज्यांना कुणी नाही अशी मुलं ठेवत असाल तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४१ खाली वेगळी नोंदणी लागते. ती नसेल तर कलम ४२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि पुढे दर तीस दिवसांचा उशीर हा नवा गुन्हा धरला जातो. पालक असलेल्या विद्यार्थ्यांचं वसतिगृह आणि निराधार मुलांचं बालगृह या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडचण होते ती सरमिसळीत. चाळीस विद्यार्थी, आणि त्यांत कुणीतरी आणून सोडलेली तीन पोरकी मुलं. दया म्हणून ठेवून घेतलेल्या त्या तिघांसाठी जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयाकडे, जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. एकटं सापडलेलं मूल कुणी दारात आणून सोडलं, तर कलम ३२ प्रमाणे चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समिती, पोलीस, चाइल्डलाइन किंवा बाल संरक्षण घटक यांपैकी कुणाला तरी कळवावंच लागतं. "चार दिवस राहू दे, मग बघू" हे चालत नाही. आणि मूलबाळ नसलेल्या एखाद्या ओळखीच्या जोडप्याला ते पोर परस्पर "देऊन टाकणं" हा तर सरळ गुन्हा. दत्तकाची वाट ठरलेल्या प्रक्रियेतूनच जाते.

दिव्यांग व्यक्तींसाठीच्या संस्थेला दिव्यांग हक्क कायदा, २०१६ खाली नोंदणी प्रमाणपत्र लागतं. मनोरुग्ण ठेवत असाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू होतो, आणि त्या कायद्यानं माणसाला साखळीनं बांधून ठेवायला साफ बंदी केली आहे. श्रद्धेच्या ठिकाणी चालतं म्हणून आपल्या आवारात चालेल असं नाही.

ठराव असा करा

धोरण म्हटलं की कुणीतरी चाळीस पानी इंग्रजी दस्तऐवज इंटरनेटवरून उतरवतो, वर संस्थेचं नाव टाकतो, आणि तो कपाटात जातो. आमचाही गेला होता. त्यापेक्षा एका पानाचा ठराव प्रोसिडिंग बुकात लिहा. नमुना देते:

"संस्थेच्या आवारात किंवा संस्थेच्या कामात कोणत्याही मुलाला, वृद्धाला, दिव्यांग व्यक्तीला किंवा स्त्रीला मारणे, धमकावणे, त्रास देणे वा गैरस्पर्श करणे खपवून घेतले जाणार नाही. अशी तक्रार वा शंका कानावर आल्यास ज्याच्या कानावर येईल तो त्याच दिवशी संरक्षण प्रमुखाला सांगेल. मुलाच्या लैंगिक शोषणाबाबत असल्यास पोलिसांना कळवण्यासाठी अध्यक्षांची वा कार्यकारिणीची परवानगी लागणार नाही. तक्रार करणाऱ्याला संस्थेकडून कोणताही त्रास होणार नाही."

ठरावाचा प्राण आहे तो परवानगीच्या वाक्यात. ते वाचून आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारलं, "म्हणजे अध्यक्षाला विचारायचंच नाही?" नाही. कारण कायदाही विचारत नाही.

संरक्षण प्रमुख दोन नेमा, त्यांत एक स्त्री हवी. दोघं एकाच घरातले नकोत, रेक्टरचे नातेवाईक नकोत. आपल्या लहान संस्थांत हे अवघड जातं, कारण सगळेच कुणाचे ना कुणाचे व्याही असतात. मग गावातल्या एखाद्या निवृत्त नर्सला किंवा अंगणवाडी सेविकेला बाहेरून बोलवा. ठरावाची कन्नड प्रतही ठेवा. उद्या तपासणीला येणारा अधिकारी कन्नडच वाचणार आहे, आणि स्वयंपाकी, वॉचमन यांतले निम्मे कन्नड बोलणारे असतात. त्यांनाही समजायला हवं.

माणूस नेमताना

आमच्याकडे एकदा वॉचमन नेमला तो एका विश्वस्तांच्या शब्दावर. जवळ आधीच्या संस्थेचं पत्र होतं: "वर्तणूक चांगली." चार महिन्यांनी तक्रार आली तेव्हा मी त्या संस्थेला फोन केला. पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, मग उत्तर आलं, "बाई, आम्ही त्याला तसंच काढलं. पत्र मागितलं, देऊन टाकलं. ब्याद गेली." त्यांची ब्याद आमच्या दारात आली होती. असं पत्र देणारे तुमच्या-माझ्यासारखेच भले लोक असतात. तेव्हापासून माझा नियम: पत्र वाचायचं नाही, फोन करायचा, आणि एकच विचारायचं, "ह्याला तुम्ही परत ठेवून घ्याल का?" उत्तराला किती वेळ लागतो ते ऐकायचं. आणि आपल्याकडून कुणाला काढलं तर खोटं पत्र द्यायचं नाही.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे, मुलं राहतात किंवा मुलांशी नेहमी संबंध येतो अशा प्रत्येक संस्थेनं कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायची असते, तीही ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा. शिक्षक असो, आचारी असो, कंत्राटावरचा असो. इथल्या माणसासाठी कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू या संकेतस्थळावरून अर्ज होतो. चंदगड-गडहिंग्लजकडचा असेल तर त्याची पडताळणी महाराष्ट्र पोलिसांकडून आणायला सांगा. फक्त बेळगावची पडताळणी केली तर पलीकडचं काहीच कळणार नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही आहे खरी, पण ती पोलीस यंत्रणेलाच बघता येते, तुम्हा-आम्हाला नाही. आणि पडताळणी स्वच्छ आली याचा अर्थ एवढाच, की आजवर तक्रार नोंदली गेली नाही.

पहिले तीन महिने रात्रपाळी एकट्याकडे देऊ नका. हौसेनं शिकवायला येणाऱ्या स्वयंसेवकांनाही हेच नियम. "मोठ्या घरचा मुलगा आहे, त्याला काय विचारायचं" ही सवलत नको.

इमारत आणि दिनक्रम

विश्वस्तांनी वर्षातून दोनदा तरी इमारतीत फिरावं. सत्कार असतो त्या दिवशी नव्हे, कुठल्याही मंगळवारी, संध्याकाळी सात वाजता, दिवे लागल्यावर. न्हाणीघराच्या कड्या, संडासाकडे जाणाऱ्या वाटेवरचा दिवा, गच्चीचं दार, कोठीची खोली, रेक्टरच्या खोलीचा दरवाजा. खानापूरच्या पावसात वीज गेली की तास-तास येत नाही, तेव्हा कॉट कुठे आणि बॅटरी कुठे ते बघा. मोठी मुलं आणि लहान मुलं एका खोलीत झोपतात का? बहुतेक त्रास मोठ्या मुलांकडूनच होतो, आणि त्याला आपण "दंगामस्ती" म्हणतो.

काही नियम सरळ लिहून भिंतीवर लावा. मोठ्या माणसानं मुलाशी एकट्यानं बोलायचं असेल तर दार उघडं. रात्री मुलाला अंग चेपायला बोलवायचं नाही. (हे लिहावं लागतं याची लाज वाटते, पण लिहा.) मुलाला एकट्याला गाडीवर घेऊन जायचं तर वहीत वेळ आणि कारण. मुलांच्या मोबाइलवर कर्मचाऱ्याचे खासगी मेसेज नकोत. सौंदत्तीला, पंढरपूरला सहल किंवा दिंडी निघाली तर मुक्कामी मुलींसोबत किमान दोन बायका. मारणं बंद. शाळेत मारायला शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं मनाई आहे, बालगृहात बाल न्याय कायद्यानं. "आम्हीपण मार खाऊनच शिकलो" हे ऐकून माझे कान किटले आहेत.

प्रवेश अर्जाचंही एकदा बघा. देवदासी प्रथेला कर्नाटकानं १९८२ च्या कायद्यानं बंदी केली, तरी सौंदत्ती, निपाणी भागात त्या आयांची मुलं आजही वसतिगृहात येतात. "वडिलांचं नाव" हा रकाना सक्तीचा केला की पहिल्याच दिवशी टेबलासमोर त्या मुलीची मान खाली जाते, आणि तिला छळायला इतरांना निमित्त मिळतं. आईचं नाव पुरे.

पेटी आणि चिठ्ठ्या

तक्रारपेटी सगळीकडे असते. आमच्याकडेही होती, रेक्टरच्या ऑफिसच्या दाराला, आणि किल्ली रेक्टरच्या खिशात. सात वर्षांत एक चिठ्ठी निघाली नाही, आणि आम्ही त्याचा अभिमान बाळगला!

पेटी जेवणघराच्या वाटेवर हलवली, जिथे कुणी काय टाकलं ते कळत नाही. किल्ली बाहेरच्या संरक्षण प्रमुखाकडे दिली. पहिल्या पंधरवड्यात नऊ चिठ्ठ्या. डाळीत मीठ नाही. पंखा वाजतो. अमुक मुलगा चप्पल लपवतो. एक विश्वस्त म्हणाले, असल्या फालतू चिठ्ठ्यांसाठी पेटी? मी म्हटलं, मीठ दुसऱ्या दिवशी पडलं पाहिजे. मिठाची चिठ्ठी वाचली जाते हे कळल्याशिवाय मूल मोठी गोष्ट लिहीत नाही. मोठी गोष्ट पाचव्या महिन्यात आली. वॉचमनची.

चिठ्ठी कुठल्याही भाषेत, कशाही अक्षरात चालेल असं पेटीवरच लिहा. शेजारी १०९८ हा चाइल्डलाइनचा, मुलांच्या मदतीचा नंबर मोठ्या आकड्यांत, आणि तो फिरवायला मुलांना एक फोन हाताशी. लिहिता न येणाऱ्या लहानग्यांसाठी महिन्यातून एकदा बाहेरच्या बाईंनी येऊन गप्पा माराव्यात, रेक्टर नसताना.

कानावर आलं तर

हा भाग सगळ्या विश्वस्तांनी एकत्र बसून मोठ्यानं वाचावा.

पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे, अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत लैंगिक गुन्हा घडला हे कळलं किंवा घडण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्हेतूनं माहिती देणाऱ्यावर मात्र कसलीही जबाबदारी येत नाही, मग पुढे आरोप सिद्ध होवो न होवो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या प्रकरणात, मुलींवर उपचार करूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा रद्द झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा उभा केला. "मला नक्की माहीत नव्हतं" हा बचाव किती तोकडा आहे ते त्यावरून समजावं.

मूल बोलायला लागलं की पहिला तास महत्त्वाचा. ऐका. मध्ये बोलू नका, "खरंच का?" म्हणू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते मोडावंच लागणार आहे. "बरं केलंस सांगितलंस, आता मी मदतीला माणसं बोलावते" एवढं पुरे. खोदून विचारू नका. तपास पोलिसांचा, आपण फक्त ऐकणारे. नंतर लगेच बाजूला जाऊन वहीत तारीख, वेळ आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. मूल "तसलं केलं" म्हणालं तर "तसलं केलं" असंच लिहा. त्याचं शुद्ध मराठी करायला गेलात तर अर्थ बदलतो, आणि कोर्टात त्याच बदलावर बोट ठेवलं जातं.

घटना नुकतीच घडली असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुवू नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको. दुखापत असेल तर आधी दवाखाना. अशा रुग्णावर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानं मोफत उपचार करायचे असतात आणि पोलीस येईपर्यंत थांबायचं नसतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याच क्षणी आवारातून दूर करा, पण त्याला जाब विचारू नका, सावध करू नका. मुलाला दूर पाठवणं म्हणजे शिक्षा चुकीच्या माणसाला.

मग फोन: १०९८ किंवा ११२, आणि जवळचं पोलीस ठाणं. बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाखाली येतं, खानापूर-निपाणी जिल्हा पोलीस अधीक्षकांखाली. पण हद्द कुठली याचा घोळ घालत बसू नका, कुठलंही ठाणं चालतं. पालकांना कळवा, संशय त्यांच्यावरच नसेल तर. हे सगळं त्याच दिवशी. पोलिसांनीही चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, तेव्हा दोन दिवसांनी तुम्हीच समितीला फोन करून पोचलं का विचारा.

आणि हे करायचं नाही: दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं नाही. देवासमोर शपथ घालायची नाही. गावच्या पंचांना बोलावून "मिटवून टाकूया" म्हणायचं नाही. पैसे देऊन पालकांची सही घ्यायची नाही. तातडीची सभा बोलावून "चौकशी समिती" नेमायची नाही. ती समिती अहवाल देईपर्यंत कलम २१ तुमच्या डोक्यावर बसलेलं असतं. मुलाचं नाव, गाव, शाळा कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊ द्यायची नाही, विश्वस्तांच्या ग्रुपवरसुद्धा.

जबाब कन्नडात, पोर मराठीत

आपल्या भागातली खरी गोम इथे आहे. कणकुंबीकडचं पोर घरी मराठी-कोकणी बोलतं, ठाण्यातली नोंद कन्नडात होते, आणि सही करणाऱ्या आईला काय लिहिलंय ते वाचता येत नाही. यात कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही, पण केस इथेच पांगळी होते.

कायद्यात याची सोय आहे, फक्त मागावी लागते. पोक्सोच्या कलम १९ मध्येच म्हटलंय, की नोंद मुलाला न समजणाऱ्या भाषेत होत असेल तर दुभाषी द्यावा. कलम २६ प्रमाणे जबाब मूल बोललं तसा, आईवडिलांच्या किंवा मुलाचा विश्वास असलेल्या माणसाच्या समोर घ्यायचा. दुभाषी आणि अनुवादकांची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे असते. आज, काही घडलेलं नसताना, तिथे जाऊन विचारा: मराठीसाठी कोण आहे? नसेल तर तुमच्या ओळखीचा, दोन्ही भाषा येणारा, संस्थेशी संबंध नसलेला माणूस त्या नोंदवहीत घालण्याची विनंती अर्जानं करा. हा भाषावादाचा मुद्दा करू नका. मुलाच्या हक्काचा अर्ज म्हणून द्या, काम होतं. संस्थेचा चिटणीस मात्र कधीही दुभाषी होऊन बसू नये. मूल त्याच्यासमोर बोलणार नाही, आणि तो नकळत सौम्य शब्द निवडेल.

जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. जबाब वाचून दाखवायला सांगा. प्राथमिक माहिती अहवालाची प्रत फुकट मिळते.

हद्दीचं आणखी एक. घटना सुट्टीत चंदगडला मामाच्या घरी घडली, मुलानं सांगितलं इथे बेळगावात. तर इथलं ठाणं "तिकडे जा" म्हणू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. लोक त्याला झिरो एफआयआर म्हणतात. ठाण्यात जाताना हे कलम कागदावर लिहून न्या. वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं बरं.

आजी-आजोबांचं

वृद्धाश्रमात मारहाण क्वचित, पैशाचा घोळ फार. कर्नाटक सरकारच्या संध्या सुरक्षा योजनेची पेन्शन येते, एटीएम कार्ड व्यवस्थापकाकडे "सोयीसाठी", पिन पाकिटावर लिहिलेला. आजीला विचारलं तर म्हणते, "असू दे की, तो पोरासारखा हाय." असेलही. पण कार्ड आजीचं आजीजवळ हवं. तिला झेपत नसेल तर दर महिन्याला पैसे काढल्याची नोंद, तिचा अंगठा आणि दोन साक्षीदार, त्यांतला एक बाहेरचा. कोणताही विश्वस्त वा कर्मचारी रहिवाशाच्या मृत्युपत्रात, बक्षीसपत्रात लाभार्थी होणार नाही, असा ठराव आजच करा. तो एखाद्याला झोंबला तर तो कुणाला झोंबला हे लक्षात ठेवा.

मुलगा आईला आणून सोडतो, दोन महिने पैसे देतो, मग फोन बंद. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २४ नुसार साठीपुढच्या आईबापांना असं टाकून देणं गुन्हा आहे. निर्वाहखर्चासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज होतो. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल, चिकोडी असे तीन उपविभाग आहेत. "सांभाळीन" या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं असेल आणि तो सांभाळत नसेल, तर कलम २३ खाली ते हस्तांतर रद्द मागता येतं. आजींना हे कुणी सांगितलेलं नसतं. मदतीला १४५६७ हा ज्येष्ठांचा नंबर. आणि पोलिसांना साक्ष हवी असेल तर बाईला, किंवा साठ ओलांडलेल्या पुरुषाला, ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांनी आश्रमात यायचं.

दिव्यांग रहिवाशाला त्रास होतोय असं कळलं, तर पोलिसांबरोबर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तालुक्यात तहसीलदारांकडे, कळवता येतं.

देणगीदार आणि फोटो

वाढदिवसाला बालगृहात जेवण देण्याची पद्धत चांगली आहे. पण जिलेबीचं ताट हातात घेऊन रांगेत उभी पोरं, मागे देणगीदाराचा बॅनर, आणि संध्याकाळी तो फोटो गावभर. निराधार मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यापलीकडे, पोरांनाही लाज असते. दारावर नम्र पाटी लावा: मुलांचे फोटो घेऊ नयेत. देणगीदार रुसला तर त्याला रिकाम्या जेवणघराचा, भांड्यांचा फोटो द्या. आमचे दोघे रुसले. एक परत आला.

देणगीदारानं मुलाला घरी "दोन दिवस राहायला" मागितलं तर नाही म्हणायचं, तो कितीही मोठा असो.

बायका काम करतात तिथे

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती हवी: अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. मानधनाशिवाय येणारे स्वयंसेवकही कर्मचाऱ्यांत मोजले जातात, हे विसरू नका. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तिचा पत्ता स्वयंपाकघरात लावा.

प्रत्येक सभेत

विषयपत्रिकेवर हिशेबाच्या आधी एक कायमचा विषय ठेवा. हिशेबाच्या नंतर ठेवला तर तोवर निम्मे लोक चहाला उठलेले असतात. संरक्षण प्रमुखानं उभं राहून सांगायचं: गेल्या सभेपासून किती चिठ्ठ्या निघाल्या, कशाबद्दल (नावं न घेता), काय केलं, काय राहिलं, किती जणांची पडताळणी बाकी, इमारतीत कोण, कधी फिरून आलं, कुणी नोकरी सोडली आणि का. "काही नाही" असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न ठरलेला असावा: तुम्ही मुलांना शेवटचं कधी विचारलं, आणि कुणासमोर? उत्तर तारखेसह प्रोसिडिंगात जाऊ द्या. हात झटकणाऱ्या विश्वस्ताची नोंदही त्याच पानावर राहते, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली दोन हितसंबंधी माणसं न्यायालयाच्या परवानगीनं विश्वस्तांना कोर्टात खेचतात, तेव्हा हेच पान उघडलं जातं.

पुढच्या सभेची वाट बघू नका. न्हाणीघराच्या कड्या उद्याच बघून या, आणि जाताना खिशात एक स्क्रूड्रायव्हर ठेवा.